मुजावरमामांची ओळख

“आज मला वळखायचं न्हाई,” मुजावरमामा म्हणाले. “समोर आलो तरी न्हाई. हाक तर अजिबात मारायची न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?”

सकाळचे साडेआठ वाजले होते. कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही तिसऱ्या वर्षाचे अठ्ठावीस जण इस्त्रीचे कपडे घालून उभे होतो. मामांनी नेहमीचा चौकड्यांचा शर्ट घातला नव्हता. शिपायांचा निळा गणवेश घातला होता, खिशावर संस्थेचं नाव विणलेला. तो त्यांना खांद्यांत घट्ट बसत होता, कारण तो लायब्ररीतल्या आबा शिपायांचा होता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“हे काय घातलंय मामा?” मी विचारलं.

“आज लॅबमधी चहा द्यायला मी हाय.”

“तुम्ही?”

“तू तुझं मॉडेल उघडून ठेव, खोत. आणि पंखा बंद करू नको, तुझं मशीन तापतंय.” एवढं बोलून ते खिडक्यांचे पडदे सारखे करायला गेले. माझ्या डोक्यात तिथंच तिडीक गेली. ‘वळखायचं न्हाई’ हे प्राचार्य इनामदार सरांचे शब्द आहेत, मामांच्या तोंडात घातलेले, अशी माझी खात्रीच झाली.

ज्यांनी आमच्यासारख्या कॉलेजात आर्किटेक्चरची पाच वर्षं काढली असतील, त्यांना कमिटी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कॉलेजची मान्यता चालू ठेवायची की नाही, हे बघायला वरून तीन माणसं येतात आणि एक दिवस थांबतात. त्या एका दिवसासाठी आठ दिवस आधीपासून भिंती रंगवल्या जातात. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोभर पुस्तकं येतात आणि आमच्या लायब्ररीच्या कपाटात बसतात. नर्सरीतून कुंड्या येतात. आणि कमिटीच्या दिवशी सकाळी पुण्याहून एका गाडीतून प्राध्यापक येतात. त्यांच्या नावाच्या पाट्या दारांवर आदल्या दिवशीच लागलेल्या असतात. वर्षभर आम्ही ज्यांचं तोंड पाहिलेलं नाही, अशी ती माणसं कागदोपत्री आम्हाला वर्षभर शिकवत असतात. संध्याकाळी ती पुण्याला परत जातात, मागोमाग पुस्तकंही जातात. कुंड्या तेवढ्या दोनचार दिवस टिकतात.

‘डिजिटल ड्रॉइंग आणि मॉडेलिंग’ हा आमचा विषय कागदावर आर्किटेक्ट मृणाल रेगे मॅडम शिकवत होत्या. प्रत्यक्षात तो शिकवत होते दस्तगीर मुजावर. आयटीआयचे ड्राफ्ट्समन, पूर्वी मिरजेत एका बिल्डरच्या ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा मॅन्युअल वाचून वाचून स्वतःच कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, शिकले. कॉलेजात त्यांचं पद होतं लॅब अटेंडंट. तेही हंगामी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग परत अकरा महिने. असं नऊ वर्षं चाललं होतं. खंडाच्या त्या एका दिवशीही ते लॅबमध्ये यायचे, फक्त मस्टरवर सही करायचे नाहीत.

मी आले गडहिंग्लजहून. हातानं काढायची मला भारी हौस. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर घेऊन बसले की तासन्‌तास उठायची नाही. पण कॉम्प्युटरपुढे बसवलं की हाताला घाम सुटायचा. मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या मशीनचा माऊस काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

“मामा, मग काढू कशानं?”

“डाव्या हाताला शिकव आधी. कमांड सगळ्या डाव्या हातात बसल्या पायजेत. उजवा काय, आपोआप येतोय.”

पंधरा दिवस माऊस मिळाला नाही. सोळाव्या दिवशी मिळाला तेव्हा माझा डावा हात न बघता चालत होता. मग मी एक छोटं घर काढलं. स्क्रीनवर ते इतकं सुबक दिसत होतं की मी उपाध्येला बोलावून दाखवलं. अश्विनी उपाध्ये म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, कुरुंदवाडची. मामा मागून आले. त्यांनी थोडा वेळ बघितलं, खिशातून खडू काढला आणि म्हणाले, “चल भाईर.”

व्हरांड्यात त्यांनी टेप लावून फरशीवर खडूनं एक चौकोन आखला. माझ्या घरातला संडास. बरोब्बर मी काढलेल्या मापाचा.

“बस आत.”

मी बसले. माझे गुडघे खडूच्या रेषेबाहेर गेले. येणारी-जाणारी पोरं खिंकाळत होती.

“आता दार लाव,” मामा म्हणाले. “स्क्रीनवर सगळंच मावतंय बाई. झूम केलं की संडासाचा हॉल हुतोय. माप स्क्रीनवर बघायचं नसतंय, अंगाला लावून बघायचं असतंय.”

त्यांची शिकवायची रीत अशी होती. प्रत्येकाच्या खिशात टेप पाहिजे. आधी दार मोजा, टेबल मोजा, मग काढा. थ्रीडी मॉडेल करायचं तर गवंडी बांधतो त्याच क्रमानं करायचं. आधी जोतं, मग भिंत, मग दारा-खिडक्यांवरचं लिंटल, मग स्लॅब. कुणी घाईनं आधी छप्पर करून बसलं की मामा कीबोर्डवर हात टाकून ते पुसून टाकायचे. “गवंडी वरनं खाली बांधतोय व्हय रं?” पोरं वैतागायची. पण आमच्या वर्गातल्या एकाच्याही मॉडेलचा जिना कधी हवेत लोंबकळला नाही.

त्या वर्षी मी मिरजेच्या सतारमेकरांसाठी कामाची जागा डिझाइन करत होते. खाली कामाचा चौक, वर राहायची जागा, आणि गच्चीवर सतारीचे भोपळे वाळत घालायला मोठी मोकळी जागा. गच्चीवरचे ते भोपळे मला मॉडेलमध्ये हवे होते. आठ दिवस झटले, गोल येईनात, चेपलेली वांगी यायची. शेवटी मामा शेजारी बसले.

“अक्खा भोपळा काढतीस कशाला? मधे एक उभी रेष घे. तो आस. बाजूला निम्म्या भोपळ्याची नुसती कड काढ. आता ही कड आसाभवती फिरीव. निम्मी रेष काढायची, बाकीचं फिरून येतंय.”

आणि भोपळा आला. खराखुरा, देठाकडे निमुळता. मी ओरडलेच.

“थांब. वरनं बघ. कड आसाला टेकलेली न्हाई, त्यामुळं भोक पडलंय बघ देठापाशी. केसाएवढं अंतर ऱ्हायलं तरी भोक पडतंय. टेकीव.”

मी रेष टेकवली. भोक गेलं. त्यानंतर पाच-सहा दिवसांत मी एकेक वेगळ्या आकाराचे बेचाळीस भोपळे केले.

कमिटीच्या आधीच्या आठवड्यात मामा खुशीत होते. चारचौघांत न बोलणारा माणूस, पण त्यांनीच आम्हाला सांगितलं. “कमिटी सुखरूप गेली की माझी कायमची ऑर्डर निघायची हाय. तांत्रिक सहायक म्हणून. दादासाहेबांनी शब्द दिलाय.” दादासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आमच्या वर्गाला ठाऊक होतं की कमिटीचा दिवस कॉलेजपेक्षा मामांचा आहे.

आणि त्याच दिवशी त्यांना शिपायाचा गणवेश घालायला लावला होता.

दहाच्या सुमारास मला ऑफिसात वर्गाची यादी द्यायला पाठवलं. आत प्राचार्य इनामदार सरांच्या केबिनबाहेर एक बाई बसल्या होत्या. कॉटनची छान साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांच्यापुढे आमच्या विषयाचं हजेरीपुस्तक उघडं होतं आणि शेजारी क्लार्क उभा होता.

“जुलै झाला,” तो म्हणाला. “आता ऑगस्ट. पेन बदला मॅडम.”

बाईंनी पेन बदललं. तीन पेनं होती. एक निळं, एक काळं, एक जरा फिकं पडलेलं. फिक्या पेनानं त्यांनी सप्टेंबर केला. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर त्या कसनुशा हसल्या.

“तू कुठल्या वर्षाची?”

“तिसऱ्या.”

“अरे वा, म्हणजे माझीच विद्यार्थिनी,” त्या म्हणाल्या.

मी यादी टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. वर्षभराचा आमचा घाम, मामांचा खडू, ती व्हरांड्यातली फरशी, सगळं तीन पेनांत आटोपलं होतं. लॅबमध्ये येऊन मी उपाध्येला सांगितलं.

“गप बस,” ती म्हणाली. “कमिटी जाऊ दे. मामांची ऑर्डर निघू दे. मग काय बोंबलायचंय ते बोंबल.”

“ऑर्डर निघेल की. कमिटीला जर कळलं की खरं कोण शिकवतं, तर उलट लवकर निघेल.”

“तुला काय माहीत?”

मला काहीच माहीत नव्हतं. पण मी एकवीस वर्षांची होते आणि खरं कळलं की सगळं आपोआप सरळ होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

कमिटी लॅबमध्ये आली ती अडीच वाजता. तिघांत मुख्य होते कर्णिक सर. पांढरे केस, हातात वही, बोलणं हळू. बाकीचे दोघं खुर्च्या मोजत होते, कर्णिक सर मात्र एकेका मशीनपाशी थांबून काम बघत होते. त्यांच्या मागे इनामदार सर, त्यांच्या मागे रेगे मॅडम. मामा दाराशी उभे होते, हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा कप.

कर्णिक सर माझ्यापाशी आले आणि खाली वाकले.

“हे काय आहे गच्चीवर?”

“सतारीचे भोपळे, सर. वाळत घातलेत.”

“एकसारखे नाहीत हे.”

“खऱ्यातही नसतात, सर. मी मोजून आणलेत.”

ते हसले. मागे वळून इनामदार सरांना म्हणाले, “फार बरं वाटलं. हल्ली मुलं इंटरनेटवरून काहीबाही उतरवून चिकटवतात. हे शिकवलं कुणी?”

“आमच्या रेगे मॅडमनी,” इनामदार सर म्हणाले. “त्यांचा या विषयात हातखंडा आहे.”

“मी या मुलीवर विशेष मेहनत घेतलीय,” रेगे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला आजही आठवतो. मी खांदा काढून घेतला नाही. नुसती कीबोर्डकडे बघत राहिले.

“मग एक भोपळा करून दाखवा ना,” कर्णिक सर म्हणाले. ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच बघायचं होतं. “मला या वयात कुणी शिकवत नाही.”

मी उठले, मॅडम माझ्या खुर्चीवर बसल्या. त्यांना कॅड अगदीच येत नव्हतं असं नाही. त्यांनी आस घेतला, कड काढली, फिरवली. भोपळा आला. पण देठापाशी भोक. त्यांनी ते पुसलं, परत केलं. परत भोक. मॅडमच्या कपाळावर घाम आला. इनामदार सरांनी घसा खाकरला.

“कड आसाला टेकली न्हाई, मॅडम,” दाराकडून आवाज आला. “केसाएवढं ऱ्हायलंय. टेकीवली की मिटतंय.”

मामा बोलून गेले होते. त्यांचं त्यांनाच ते नंतर कळलं. ट्रेमधले कप किणकिणले. मॅडमनी रेष टेकवली. भोक मिटलं.

कर्णिक सरांनी वळून बघितलं. “हे कोण?”

“आमचे शिपाई,” इनामदार सर पटकन म्हणाले. “दिवसभर इथंच असतात ना. ऐकून ऐकून दोन शब्द तोंडात बसलेत.” आणि ते हसले. बाकीचे दोघं हसले. मॅडमसुद्धा हसल्या, सुटल्यासारख्या.

“चुकलं, साहेब,” मामा म्हणाले आणि कप पुढे केला. “चहा घ्या.”

कर्णिक सरांनी कप घेतला. ते पुढच्या मशीनकडे वळतच होते. खरं तर तिथं सगळं निभावलं होतं. उपाध्येनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची नखं लागत होती.

मी मनगट सोडवून घेतलं.

“सर, हे शिपाई नाहीत,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच केवढा तरी मोठा वाटला. “हे मुजावर सर आहेत. आम्हाला हा विषय हेच शिकवतात. तीन वर्षं झाली. हे भोपळे यांनीच शिकवले. आणि या मॅडमना आम्ही आज पहिल्यांदा बघतोय. सकाळी त्या ऑफिसात बसून वर्षाच्या सह्या करत होत्या. तीन पेनांनी.”

रेगे मॅडम माझ्या खुर्चीवर तशाच बसून राहिल्या. इनामदार सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी मामांकडे बघितलं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघतील. ते ट्रेकडे बघत होते.

कर्णिक सरांनी कप टेबलावर ठेवला.

“तुमचं शिक्षण काय?” त्यांनी मामांना विचारलं. आवाजात आदर होता, खोटं कशाला बोलू.

“आयटीआय, साहेब. ड्राफ्ट्समन.”

“किती वर्षं शिकवताय?”

मामांनी एकदा इनामदार सरांकडे बघितलं. मग म्हणाले, “नऊ.”

कर्णिक सरांनी वहीत लिहिलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले. “नाव काय तुझं?”

“वैजयंती खोत.”

“शाब्बास, वैजयंती. असं बोलायला धाडस लागतं.”

त्या संध्याकाळी हॉस्टेलवर माझी मिरवणूक काढायचीच काय ती बाकी होती. पोरं येऊन पाठीवर थाप मारून जात होती. मीही फुशारले होते. उपाध्ये तेवढी तोंड फिरवून बसली होती. मला वाटलं, जळते.

सोमवारी लॅबला कुलूप होतं. मंगळवारी उघडली तेव्हा मामांच्या टेबलावर दुसराच एक पोरगेला माणूस बसला होता. त्याला फक्त मशीन चालू-बंद करायला सांगितलं होतं. मामा कुठं आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला, “खंड दिलाय.” तो खंड पुढे संपलाच नाही.

महिन्याभरानं इनामदार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आता आपलं वर्ष जाणार, असं धरूनच मी गेले. त्यांनी मला खुर्ची दिली. चहा मागवला. आणि कमिटीचा अहवाल माझ्यापुढे सरकवला.

“वाच,” ते म्हणाले. “तुझ्यामुळं आलंय.”

अहवालात लिहिलं होतं, विद्यार्थी निर्भीड आणि चौकस आहेत, ही संस्थेची जमेची बाजू आहे. त्याच्याखाली त्रुटी होत्या. तिसऱ्या क्रमांकाची त्रुटी अशी, की डिजिटल ड्रॉइंग हा विषय अपात्र व्यक्तीकडून शिकवला जात असल्याचं आढळलं, सदर बाबीची तात्काळ पूर्तता करून कळवावं. त्यासमोर संस्थेचं उत्तर टाईप केलेलं होतं. सदर व्यक्तीस कमी करण्यात आलं आहे. विषय पूर्ववत आर्किटेक्ट मृणाल रेगे याच शिकवत आहेत.

मी ते तीनदा वाचलं.

“पूर्ववत?” मी म्हणाले. “सर, त्या आजसुद्धा आलेल्या नाहीत.”

“कागदावर आहेत. पात्र आहेत. नियमात बसतात.”

“आणि मामा?”

“मुजावर नियमात बसत नव्हते. आम्ही नऊ वर्षं बसवत होतो कसंबसं. आता वरून लेखी आल्यावर कुणाच्या हातात काय राहतं?” त्यांनी चहाचा घोट घेतला. “मान्यता मिळालीय पाच वर्षांची. तू काळजी करू नको. तुझ्यावर कुणाचा राग नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती मी तिथं अनुभवली. खोटं बोलणारे सगळे जागच्या जागी होते. सह्या करणारी बाई जागेवर, करवून घेणारा जागेवर, मी जागेवर. एकच माणूस खरं काम करत होता, तो खरं सांगितल्यामुळं गेला. त्या वर्षी मला त्या विषयात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मार्कलिस्टवर सही रेगे मॅडमची होती.

ही गोष्ट इथपर्यंत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. माझं स्वतःचं ऑफिस झालं, हाताखाली मुलं आली, त्यांनाही सांगितली. इथपर्यंत सांगितली की ऐकणारे इनामदारांना शिव्या घालतात, कमिटीला घालतात, आणि माझ्याकडे कौतुकानं बघतात. मीही त्यांच्याबरोबर शिव्या घालते. अजूनही तेवढीच चीड येते, खोटी नाही. पुढचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मला कळलं की मामा मिरजेत मार्केटच्या मागे मेहुण्याच्या दुकानात नकाशांच्या प्रिंटा काढून देतात. मी एक शीट घेऊन गेले. नुसतं जायचं धाडस नव्हतं, काहीतरी काम पाहिजे होतं. लहानसं दुकान, त्यात निम्मी जागा मोठे नकाशे छापायच्या प्लॉटरनं खाल्लेली. मामांच्या अंगावर चौकड्यांचा शर्ट होता.

“ये, खोत,” ते म्हणाले. काल भेटल्यासारखे. पेन ड्राइव्ह घेतला, फाईल उघडली, शीट प्लॉटरला लावलं.

मी पाठ करून आलेलं सगळं बोलून टाकलं. इनामदार किती नीच आहेत, कमिटी कशी आंधळी आहे, आपण सगळ्या वर्गाच्या सह्या घेऊन वर अर्ज करू. मामा प्लॉटरकडे बघत होते. कागद हळूहळू बाहेर येत होता.

“मामा, तुम्हाला शिपायाचे कपडे घालायला लावले. ट्रे धरायला लावला. मला ते बघवलं नाही.”

“लावला कुणी?” मामा म्हणाले. “मीच मागितला.”

“म्हणजे?”

“इनामदार सर म्हणले, तुम्ही त्या दिवशी घरी बसा. मी म्हणलं, घरी कसा बसू? मशीन तापली, लटकली, तर पोरांची कामं जातील. तुमच्या पुण्याच्या मॅडमना काय कळणार? मला चहाला उभा करा. कुणाचं लक्ष जात न्हाई चहावाल्याकडं. आबांचा ड्रेस मी सोता मागून आणला लायब्ररीतनं.”

“पण मामा, नऊ वर्षं शिकवून...”

“नऊ वर्षं काढली, मग दोन तासाचं काय एवढं? ऑर्डर टाईप झालीवती. मीच केलीवती टाईप, त्या क्लार्कला मराठी येत न्हाई कॉम्प्युटरवर. पाच वाजता दादासाहेब सही करणार हुते.” त्यांनी कागदाची कड हातानं सरळ केली. “मला न्हाई लाज वाटली ट्रेची. तुला वाटली. तुला शिकवणारा माणूस चहा देतोय, हे तुला बघवंना.”

“मी खरं बोलले, मामा.”

“खरंच बोललीस की. खोटं कोण म्हणतंय? आणि सर म्हणालीस. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेबी कमिटीपुढं.”

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते आवाज न चढवता बोलत होते. एखाद्याच्या ड्रॉइंगमधली चूक दाखवायचे, अगदी तसे. मला राग आला. कुणाचा, ते कळेना.

“तुमच्यासाठीच बोलले मी.”

“मग मला इचारायचं हुतंस.”

“वेळ कुठं होता विचारायला?”

“सकाळी साडेआठपास्नं हुता. मी लॅबमधीच हुतो.”

प्लॉटर थांबला. मामांनी शीट कापलं, उजेडाकडे धरून एकदा बघितलं आणि गुंडाळायला घेतलं.

“विचारलं असतं,” मी म्हणाले, “तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“व्हय,” मामा म्हणाले. त्यांनी गुंडाळी माझ्या हातात दिली. “म्हणूनच इचारलं न्हाईस.”